दारातल्या चपला

“म्हणजे तुम्ही तिला थांबवणार नाही?”

आक्कांनी समोरच्या सपाट दगडावर एक चिंच ठेवली आणि वरून बत्त्याचा हलका टोला दिला. टरफल फुटलं. त्यांनी शिरा ओढल्या, चिंचोके काढले, गर टोपलीत टाकला. मग दुसरी चिंच घेतली.

मृण्मयी उभीच होती.

तिला वाटलं होतं, नदीकाठी आश्रम असेल. मोठं झाड असेल, झाडाखाली शांतता असेल. पांढऱ्या साडीतली एखादी तेजस्वी बाई डोळे मिटून बसलेली असेल, आणि आपण तोंड उघडायच्या आतच तिला सगळं कळलेलं असेल.

सापडली ती गुऱ्हाळामागची पत्र्याची शेड. उकळत्या रसाचा वास, माश्या, दारात चिंचांची पोती. आणि हिरव्या इरकली लुगड्यातली एक वाकलेली म्हातारी. तिने डोळे मिटले नव्हते आणि तिला काही कळलंय असंही दिसत नव्हतं.

“बस,” आक्का म्हणाल्या. “उभ्यानं भांडलं की पाय दुखत्यात.”

“मी भांडायला नाही आले.”

“मग तर बसच.”

मृण्मयी बसली. आक्कांनी चिंचांचा एक ढीग तिच्यापुढे सरकवला.

काही वर्षं ती स्कॉटलंडमध्ये होती. मानसशास्त्र शिकली. तिथेच एका वयस्कर बाईकडे ती हलके ऊर्जा-उपचारही शिकली. माणसाच्या पाठीवर, कपाळावर नुसते हात ठेवायचे, श्वास संथ होऊ द्यायचा, मनातला ताण उतरू द्यायचा. एवढंच. पण तिने माणसं रडताना पाहिली होती, रडून झाल्यावर झोपताना पाहिली होती. तिला वाटलं, हे आपल्या गावात न्यायला हवं. पैशाच्या काळजीने ज्यांना झोप लागत नाही, त्यांच्यापर्यंत पोचवायला हवं. आणि एक पैसा न घेता.

ती परत आली. नदीपलीकडच्या शहरात, पेठेत, वरच्या मजल्यावर तिने खोली भाड्याने घेतली. सतरंज्या अंथरल्या. दार उघडं ठेवलं.

दार उघडंच राहिलं.

त्याच गल्लीच्या टोकाला पद्मजा होती. आधी ब्यूटी पार्लर चालवायची, मग आक्कांकडे शिकली आणि पार्लरच्या हॉलमध्ये उपचार करू लागली. तिच्या दारावर मोठी पाटी होती. पाटीवर आक्कांचं नाव होतं. नावाखाली फी होती.

“ती पैसे घेते,” मृण्मयी म्हणाली. “तुमच्या नावावर. ज्याला आधीच पैशाची काळजी आहे, त्याच्याकडूनच फी घ्यायची? हा धंदा झाला, आक्का.”

“व्हय. धंदा झाला.”

“तुम्ही नाही ना घेत?”

“चिंचेचे घेते.” आक्कांनी पोत्यांकडे हनुवटी केली. “व्यापारी आणून टाकतो, मी फोडून देते. चिंचेचे मिळाले की हात ठेवायचे मागावं लागत न्हाईत.”

मृण्मयीचा चेहरा उजळला. “तेच तर म्हणते मी!”

आक्कांनी मान वर केली.

“तुझी चिंच कुठली?”

मृण्मयीला प्रश्न कळला. पण न कळल्यासारखं करून तिने एक चिंच उचलली आणि बोटाने टरफल सोलायला लागली.

“येतंय का कोण तुझ्याकडं?” आक्कांनी विचारलं.

“येतात की.”

“हात ठेवून घ्यायला?”

“...नाही. मुलांना इंग्रजी शिकवाल का, म्हणून विचारायला येतात.”

“मग?”

“मी त्यासाठी परत नाही आले.”

आक्कांनी बत्ता उचलला. टोला दिला. काही बोलल्या नाहीत.

न बोलण्यामुळेच असेल, मृण्मयीने सगळं सांगून टाकलं. जवळचे पैसे संपले होते. खोलीचे मालक उपाध्येकाका सज्जन होते, पण त्यांना उद्या सकाळी उत्तर हवं होतं. खोली ठेवतेस की सोडतेस? बाबा म्हणत होते, झाली हौस, सोड. आणि खोली सोडली तर ती या शहरात राहणार नव्हती, परत तिकडेच जाणार होती. तिथे एक नोकरी तिची वाट बघत होती. चांगली नोकरी. तिला नको असलेली.

“काळजी वाटती?”

“मी रोज सकाळी स्वतःवर उपचार करते. पर्सवर हात ठेवून बसते.”

“पर्सवर?”

“तशी पद्धत आहे. ज्याची भीती वाटते, ते हाताखाली घ्यायचं. ऊब द्यायची. भीती कुठे दुखते ते बघायचं. घाई करायची नाही.”

“मग? झाली का पर्स शांत?”

“पर्स शांतच आहे, आक्का. रिकामी आहे ना.”

आक्का हसल्या. खालचे दोनच दात शिल्लक होते, तेही हसले.

“आणि तू?”

मृण्मयीने चिंचेची एक शीर ओढली.

“डोळं मिटलंस की म्होरं काय येतं? भाडं?”

“नाही.”

“घरमालक?”

“नाही...”

चिंचेचा गर तिच्या बोटांना चिकटला होता. तिने तो पुसायचा प्रयत्न केला. तो आणखी पसरला.

“चपला,” ती म्हणाली.

“कुणाच्या?”

“तिच्या दारातल्या.”

आक्कांनी बत्ता खाली ठेवला.

मग मृण्मयीला थांबता येईना. रोज त्या गल्लीतून जाते, ती म्हणाली. दुसरी वाट आहे, जवळची आहे, तरी तिथूनच जाते. पद्मजाच्या दाराबाहेर नुसता ढीग असतो चपलांचा. म्हाताऱ्या माणसाची जाड तळाची कोल्हापुरी. एक सोनेरी पट्ट्याची. एक टाच तुटलेली. दोन लहान मुलांचे शाळेचे बूट, मोजे आत कोंबलेले. “लहान मुलांवरसुद्धा उपचार करते ती! आणि सकाळी जा, संध्याकाळी जा, त्या चपला तिथे असतातच.”

“त्याच?”

“त्याच. रोज येणारी माणसं आहेत तिच्याकडे. माझ्याकडे एकदा आलेला माणूस जिना उतरताना म्हणतो, बरं वाटलं हं, आणि गायब होतो.” तिचा आवाज चिरका झाला. “ती काही शिकलेली नाही, आक्का. मी पुस्तकं वाचलीत, रात्री जागून शिकलेय, सगळं सोडून आलेय. ती गिऱ्हाइकांना चहा देते, साड्यांच्या गप्पा मारते. आणि सगळं शहर म्हणतं की तुमच्याकडे गुरुवारी ती सगळ्यांच्या पुढे बसते. पहिली.”

“बसती खरी.”

“का?”

आक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

“आज गुरुवारच हाय,” त्या म्हणाल्या. “थांब.”

*

दिवेलागणीला माणसं आली. फार नव्हती. गुऱ्हाळाचे मालक तवनाप्पा, डोक्यावर पांढरी टोपी, अंगाला धुराचा वास. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी. आणखी चारदोन जण. सगळ्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. मृण्मयीने आपले सँडल आधीच बाजूला एका विटेवर ठेवले होते. मऊ कातड्याचे होते, तिकडचे.

मग पद्मजा आली.

“अय्या, मॅडम इथं!” ती दारातूनच म्हणाली. “आमच्या आक्कांना पण इंग्रजी शिकवायला काढलं की काय?”

सगळे हसले. मृण्मयीही हसली. तिचे कान गरम झाले.

पद्मजा जाडसर होती, गोरी होती, कपाळावर मोठी टिकली होती. ती आली तशी शेडमधली सगळी माणसं तिच्याकडे वळली, जशी चुलीकडे वळतात. तिने बहिणींना विचारलं, मशीन दुरुस्त झालं का? तवनाप्पांना विचारलं, मालकीणबाईंचा गुडघा कसा आहे? मृण्मयीला दिसलं की तिला सगळं लक्षात राहतं.

आक्कांनी समई लावली.

त्यांच्याकडे साखळीची पद्धत होती. सगळ्यांनी समईकडे तोंड करून एकामागे एक बसायचं. प्रत्येकाने पुढच्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवायचे. मागून मिळेल ते घ्यायचं, हातात असेल ते पुढे द्यायचं. आक्का सगळ्यांच्या मागे बसत. त्यांच्यामागे फक्त पत्र्याची भिंत. सगळ्यांच्या पुढे, समईसमोर, एक घोंगडी अंथरलेली होती.

पद्मजाने पदर खोचला आणि त्या घोंगडीकडे निघाली.

मृण्मयी तिच्या आधी उठली. दोन ढांगांत ती समईपाशी पोचली आणि घोंगडीवर बसली. ताठ, मांडी घालून.

तवनाप्पांनी टोपी काढली. पुन्हा घातली.

“अगं...” धाकटी बहीण म्हणाली. थोरलीने तिचा हात दाबला.

पद्मजा तिथेच थांबली होती. घोंगडीकडे बघत. मृण्मयीने मान वळवली नाही, पण तिला ते पाठीला कळलं, आणि बरं वाटलं.

“बसू दे तिला,” मागून आक्कांचा आवाज आला. “पद्मा, तू तिच्या मागं बस.”

पद्मजा बसली. तिच्यामागे बाकीचे बसले.

समईची ज्योत स्थिर होती. मृण्मयीने डोळे मिटले. ही ती जागा, तिला वाटलं. आता उद्या शहर आपल्याबद्दल तेच म्हणेल. तेवढ्यात तिच्या पाठीवर दोन हात आले.

जड हात होते, आणि ऊबदार. ते काही करत नव्हते, दाबत नव्हते, शोधत नव्हते. दमलेलं माणूस ओट्यावर टेकतं तसे तिच्या पाठीवर टेकले होते. थोड्या वेळाने ते खांद्यांवर सरकले. बोटांना लसणीचा वास होता.

हिचे हातसुद्धा चांगले आहेत, मृण्मयीच्या मनात आलं, आणि तिला ते सहन होईना.

तिने ओठ आवळले. पद्मजाच्या हातांच्या मागे कुणाचे तरी हात होते, त्यांच्या मागे आणखी कुणाचे, आणि सगळ्यांच्या मागे आक्का. ते सगळं हळूहळू पुढे सरकत तिच्या पाठीशी येऊन थांबत होतं. तिच्या पुढे कुणी नव्हतं. तिला ते कुणाला द्यायचं नव्हतं. तिने फक्त घ्यायचं होतं.

तिचे खांदे खाली आले. केव्हा आले, ते तिला कळलं नाही.

मग काही वेळ भाडं नव्हतं. पर्स नव्हती. चपलासुद्धा नव्हत्या...

आक्कांनी मागून टाळी वाजवली. सगळ्यांनी हात काढले, मिठाच्या पाण्यात बुडवले, झटकले.

तवनाप्पा बाहेर जाऊन आले. हातात पळसाचं पान, पानावर काहिलीतला ताजा, अजून वाफाळणारा गूळ. ते थेट मृण्मयीकडे आले.

“घे पोरी. पुढं बसणाऱ्याला पयला.”

मृण्मयीने मानाने घेतला. पद्मजाच्या आधी. तिने तिकडे बघूनच पहिला घास घेतला.

तवनाप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचा आवाज एकदम हळू झाला, आजाऱ्याच्या उशाशी होतो तसा.

“लई अडलंय का गं? घरात कोण आजारी हाय, का पैशाचं काय?”

मृण्मयीचा हात थांबला.

“का? असं का विचारता?”

“न्हाई, पुढं बसलीस म्हणून.” ते गोंधळले. “म्हंजे... पुढं त्योच बसतो, ज्याचं त्या आठवड्याला सगळ्यात जास्त अडलंय. सगळ्यांनी मिळून त्याला द्यायचं. तुला सांगितलं न्हाई व्हय कुणी?”

मृण्मयीने आक्कांकडे पाहिलं. आक्का समईची वात खाली करत होत्या.

“आणि पद्मजाताई...” ती म्हणाली.

“दिवाळीपास्नं तीच बसती.”

गूळ हातात तसाच होता. तापलेला. मृण्मयी पद्मजाकडे वळली.

“ओ अप्पा, तुमच्या पोटात काही राहतंय का?” पद्मजा हसली. पण हसू टिकलं नाही. ती मृण्मयीशेजारी येऊन बसली आणि पानावरचा गूळ चिमटीने घेतला. “अगं, काही नाही. आमच्या यांची बिस्किटांची एजन्सी बंद पडली. घर सोडावं लागलं. आता सगळे हॉलमध्येच राहतो.”

“हॉलमध्ये? उपचारांच्या?”

“मग कुठं? पार्लरच्या आरशासमोर सासरे दाढी करतात. दीर, जाऊ, त्यांची दोन पोरं. मी सिंकपाशी स्वयंपाक करते. परवा फोडणी टाकली तर मामंजी इतके खोकले की शेजारच्यांना वाटलं मीच काहीतरी उपचार करतेय.”

धाकटी बहीण फसकन हसली.

“मग त्या चपला...” मृण्मयी म्हणाली.

“कुठल्या?”

“तुमच्या दारातल्या. रोज असतात त्या.”

“घरच्याच की! पेशंट कुठून येणार? आत पाय ठेवायला जागा आहे का? पाटी तेवढी राहिलीय. यांना म्हटलं, पाटी काढू नका, पाटी काढली तर लोकांना कळेल.”

बाहेर गुऱ्हाळात कुणीतरी चुलवाणात पाचट सारलं. जाळ भडकल्याचा आवाज आला.

“खरं सांगू?” पद्मजाने पदराने बोटं पुसली. ती मृण्मयीकडे बघत नव्हती. “रोज संध्याकाळी भाजी आणायला जाते, तेव्हा तुझ्या खोलीकडे बघते मी वर. दार उघडं. दिवा लावलेला. आत नुसत्या सतरंज्या, आणि कुणी नाही. कुण्णी नाही! काय सुख गं ते. एकदा तर इतका राग आला ना तुझा, वाटलं, खालून एक दगड भिरकावावा.”

“मारला नाही ना?” मृण्मयीने विचारलं.

“भाजीवाली बघत होती.”

आता तवनाप्पाही हसले. पद्मजा हसली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

तवनाप्पांचा टेम्पो गूळ घेऊन शहराकडे निघाला होता. बहिणी मागे चढल्या. पद्मजा पुढे बसली.

“येतेस का?” तिने मृण्मयीला विचारलं. “होईल जागा. मी सरकते.”

मृण्मयीने मान हलवली. “मी उद्या येईन.”

टेम्पो गेला. आक्का दारात उभ्या होत्या.

“बरं वाटलं न्हवं?” त्यांनी विचारलं.

“साखळीत? हो. खूप.”

“साखळीत न्हवं. तिचं ऐकून.”

मृण्मयीचा चेहरा पडला.

“...हो,” ती म्हणाली. “क्षणभर वाटलं बरं. आणि लगेच वाटलं, दिवाळीपासून हिलाच मिळतंय. सगळ्यांचे हात. दर गुरुवारी. मला आजच मिळाले, तेही हिचे हिसकावून.”

“म्हंजे दुःखाचाबी हेवा.”

“हो.”

“पुरी शिष्या झालीस,” आक्का म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मृण्मयी त्यांच्यामागे गेली. “आक्का, तुमच्या पाठीवर कोण हात ठेवतं?”

“भिंत हाय की.”

*

सकाळी आक्का उठल्या तेव्हा मृण्मयी आधीच चिंचांपाशी बसली होती. बत्त्याचा टोला जास्त जोरात बसत होता, चिंचोके फुटत होते. आक्कांनी पाहिलं, पण बत्ता काढून घेतला नाही.

पोतं बरंच उरलं होतं. दोघी फोडत राहिल्या.

ऊन दारापर्यंत आलं तेव्हा मृण्मयीने चिकट बोटांनीच फोन लावला.

“काका, मृण्मयी बोलतेय. खोली ठेवते मी... हो, नक्की... नाही, बाबांना मी सांगते.” ती थांबली. “आणि काका, तुमच्या नातवाचं इंग्रजीचं म्हणत होतात ना? दुपारी पाठवा त्याला. आणखी कोणी असतील तर त्यांनाही. फी घेईन मी.”

पलीकडून काका बराच वेळ काहीतरी आनंदाने बोलत होते. मृण्मयीने फोन ठेवला.

“सकाळी खोली पद्मजाताईंना देणार,” ती आक्कांना म्हणाली. “तिथे त्यांनी हात ठेवावेत. संध्याकाळी मी ठेवीन, कोणी आलं तर. आता इथून थेट त्यांच्याकडे जाते आणि सांगते.”

आक्का शिरा ओढत होत्या.

“आणि येत्या गुरुवारी पुढे त्याच बसतील. मी मागे बसेन. तुमच्या पुढे.”

“माझे हात लागावेत म्हणून?”

मृण्मयी लाजली. “...तेही आहे.”

तिने टोपली उचलून आत ठेवली. हात धुतले. चिंचेचा रंग नखांत राहिला. ती दारापर्यंत गेली आणि तिथेच घुटमळली.

“आक्का.”

“बोल.”

“तिच्याकडे जिना चढून माणसं येतील. माझ्याच सतरंजीवर बसतील. पद्मजाताई, पद्मजाताई करतील. मी तिथेच असेन आणि मला ते ऐकावं लागेल.”

“लागंल.”

“मला हेवा वाटेल. आत्ताच वाटतोय. काल सगळं कळलं तरी वाटतोय. रात्रभर हात ठेवला छातीवर, तरी गेला नाही.”

आक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. दाराशी आल्या. विटेवर ठेवलेले मृण्मयीचे मऊ कातड्याचे सँडल त्यांनी पायानेच खाली ओढले, धुळीत, त्यांच्या स्वतःच्या झिजलेल्या वहाणांशेजारी.

“त्यालाबी यिऊ दे की खोलीत,” त्या म्हणाल्या. “चपला तेवढ्या भाईर काढाय सांग.”